तान्ह्या पोळ्याची प्रश्नमंजूषा: फोटोतलं ठिकाण पक्कं कसं करायचं?

आर्वीकर
तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांच्या सजावटीचे नंबर निघेपर्यंत पोरांसाठी ‘फोटो पाहा, ठिकाण सांगा’ ठेवतो आहे. फोटो फिरून आलेल्यांनी ग्रुपवर टाकलेले, नावं कोणीच लिहिलेली नाहीत. बारांचं जमलं, तिघांवर घोडं अडलं.

१) तांबडा झुलता पूल, पलीकडच्या काठावर हात पसरलेला येशूचा पुतळा. पुढे फोटो काढणारा उभा. गूगल लेन्स एकदा सॅन फ्रान्सिस्को म्हणते, एकदा रिओ.
२) पांढरा घुमट, चार मिनार. ताज वाटतो, पण काहीतरी खटकतं.
३) वरून काढलेला गुलाबी तलाव. अर्धे म्हणतात आपलं लोणार, अर्धे म्हणतात ऑस्ट्रेलिया.

पोरं उत्तरावरून भांडतात. बोट ठेवून दाखवता येईल अशी खूण सांगा.

नकाशेवाला, वणी
पहिला फोटो पोर्तुगालमधल्या लिस्बनचा. तांबडा पूल आणि पुतळा एकाच चौकटीत आले की दुसरं गाव शोधायची गरज नाही. लेन्स चुकते कारण पूर्ण फोटो टाकला की ती रंग आणि ढोबळ आकारावर जाते, त्यात पुढे माणूस उभा. फोटोचे दोन तुकडे करा: एकात फक्त पुलाचा मनोरा, दुसऱ्यात फक्त पुतळा. वेगवेगळे शोधा.

मनोरा मोठा करून पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटला रस्त्याच्या वर दोन पायांमध्ये फक्त आडव्या पट्ट्या आहेत, शिडीसारख्या. लिस्बनच्या ‘२५ एप्रिल’ पुलाला तिथे तिरप्या फुल्या आहेत. दुसरी खूण रस्त्याच्या खाली: लिस्बनला खालच्या मजल्यावरून रेल्वे जाते (१९९९ पासून), गोल्डन गेटवर रेल्वे नाहीच.

पुतळ्याचं म्हणाल तर पाय पाहा, हात नको. रिओचा पुतळा (१९३१) डोंगराच्या टोकावर, जेमतेम ८ मीटरच्या चौथऱ्यावर. लिस्बनसमोरच्या आल्माडाचा (१९५९) चार उंच खांबांच्या बैठकीवर, आणि ती बैठक पुतळ्यापेक्षा कितीतरी उंच.

गाड्या कोणत्या बाजूने चालतात हे पाहण्यात वेळ घालवू नका. अमेरिका, ब्राझील, पोर्तुगाल, तिन्हीकडे उजवीकडूनच.

आर्वीकर
तिरप्या फुल्या दिसल्या, खांबही दिसले. पण नेटवरच्या बहुतेक फोटोंत पुतळा पुलाच्या डावीकडे आहे, आमच्यात उजवीकडे. मग?

नकाशेवाला, वणी
सेल्फी आहे ना? पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याच मोबाइलमध्ये आरशासारखा उलटा साठतो. शर्टावरची, पाटीवरची अक्षरं पाहा. उलटी असतील तर गॅलरीत ‘एडिट’मध्ये जाऊन आडवा पलटवा, मगच लेन्सला द्या. उत्तर काठावरून, पुलाच्या पूर्वेला उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं तर पुतळा पुलाच्या डावीकडेच दिसतो.

लोणारवाट
दुसऱ्या फोटोत घुमटाच्या मागे काय आहे? ताजच्या मागे यमुना, म्हणून तिकडे नुसतं मोकळं आभाळ. डोंगराची रांग दिसली तर तो छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा, सतराव्या शतकातला. तिथे घुमट लहान आणि मिनार त्याच्या मानाने उंच, दाटीने उभे वाटतात. खटकतं ते हेच. शिवाय ताजला संगमरवर सगळीकडे आहे, मकबऱ्याला मुख्यतः घुमटाला आणि खालच्या भागाला, बाकी चुन्याचा गिलावा. जवळून काढलेल्या फोटोत तो भाग मळकट दिसतो.

तिसऱ्यासाठी कडा पाहा. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. एरवी ते हिरवट. तळं जवळपास गोल, भोवती झाडीने भरलेला उतार चढत गेलेला, विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठाला जुनी देवळं. ऑस्ट्रेलियाचं हिलियर तळं बेटावर आहे, लांबट, सुमारे ६०० मीटर, आणि शेजारी निळा समुद्र. चौकटीत समुद्राची निळी पट्टी आली तर वाद मिटला. फोटो कापून पाठवला असेल तर मूळ मागवा, कारण लोक नेमकी तीच पट्टी कापतात. रंगावर मात्र जाऊ नका, मोबाइलमध्ये गुलाबी वाढवायला दोन सेकंद लागतात.

वऱ्हाडी_गडी
राजेहो, येक राह्यलं. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा फोटो पाठवला का व्हॉट्सॲप त्याले दाबून बारीक करते, अन् आतली जागेची नोंदही उडवते. डॉक्युमेंट आला का गॅलरीत ‘डिटेल्स’ उघडा. काढणाऱ्यानं कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवलं असंल तर नकाशावर टाचणीच दिसते. पण पोरायले तोच फोटो देऊ नोका, एखादं बेनं डिटेल्स उघडून मोकळं होईल. स्क्रीनशॉट काढून तो द्या.

आर्वीकर
दुसऱ्यात डोंगर आहे, म्हणजे मकबरा. तिसरा वरच्या बाजूने कापलेला निघाला, मूळ मागवला आहे. पूल पलटवून ठेवला. पोरांना आधी फक्त मनोऱ्याचा तुकडा दाखवतो, पुतळा नंतर.