चित्रपटगृहाचा इतिहास जपायचा, म्हणजे नेमके काय जपायचे? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या सोलापूरकरांची चर्चा)

गिरणीचा भोंगा:
मुंबईत चर्चगेटजवळ १९३८ साली सुरू झालेले एरॉस चित्रपटगृह काही वर्षे बंद होते आणि २०२४ मध्ये आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडले. आर्ट डेको या १९३०च्या दशकातल्या वास्तुशैलीतली दर्शनी इमारत राखली गेली, आतले प्रेक्षागृह मात्र नव्याने बांधले गेले. एरॉस वाचले याचा सर्वांना आनंद झाला, पण वाचली ती फक्त इमारत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच पडद्यासमोर थर्ड क्लासपासून बाल्कनीपर्यंत निरनिराळ्या ऐपतीची माणसे बसत, हा जुन्या चित्रपटगृहांचा खरा इतिहास होय. आपल्या सोलापुरात पाळी सुटलेला गिरणी कामगार, विड्या वळणाऱ्या बाया, तेलुगू बोलणारे विणकर आणि पेठेतले व्यापारी एकाच खेळाला येत, तो प्रेक्षक आजच्या दरांत बसत नाही.

सात रस्ता:
आपला मुद्दा मला मुळीच पटत नाही. पहिला भारतीय कथापट ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये आणि पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. गिरगावातली ही दोन्ही चित्रपटगृहे आज उरलेली नाहीत, त्यामुळे एवढ्या मोठ्या घटनांची जागा म्हणून मुलांना दाखवायला आपल्याकडे काहीही नाही. याउलट तिथलेच रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडूनही दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये उघडले, कारण वास्तू पाडलेली नव्हती. शिवाय अर्धे रिकामे प्रेक्षागृह, वीजबिल आणि पगार यांचा भार मालकाने केवळ आपल्या आठवणींसाठी सोसावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

पूर्व भाग:
थर्ड क्लासचे एवढे कौतुक करण्याआधी तिथल्या बायकांना विचारावे. धक्काबुक्की, शेरेबाजी आणि पाऊल टाकवणार नाही अशी स्वच्छतागृहे हाही त्याच इतिहासाचा भाग आहे, आणि तो बदलला याचे मला समाधान वाटते.

गिरणीचा भोंगा:
बायकांच्या त्रासाची नोंद व्हायलाच हवी, आणि ती कोणत्याही दर्शनी भिंतीवर सापडणार नाही. माझा आग्रह नेमका त्यासाठीच आहे. ऑपरेटरच्या खोलीचेच पाहा: चित्रपट दाखवणारी दोन यंत्रे शेजारी शेजारी, आत प्रकाशासाठी जळणाऱ्या कार्बनच्या काड्या दर थोड्या वेळाने पुढे सरकवायच्या, आणि रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारी खूण पाहून दुसरे यंत्र असे सुरू करायचे की प्रेक्षकाला सांधा कळू नये. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर हे कसब निरुपयोगी झाले आणि ते जाणणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. सोलापुरातल्या अशा ऑपरेटरांच्या, डोअरकीपरांच्या आणि प्रेक्षक बायकांच्या मुलाखती, जुनी तिकिटे आणि मराठी, तेलुगू, कन्नड जाहिरातपत्रके आधी गोळा करावीत, इमारतीचा वाद त्यानंतर घालावा.

सात रस्ता:
मुलाखतींना माझा पूर्ण पाठिंबा आहे, परंतु ‘त्यानंतर’ या शब्दाला विरोध आहे. मुलाखत वर्षभराने घेता येईल, पाडलेली इमारत मात्र परत उभी राहत नाही, म्हणून दोन्ही कामे एकदमच हाती घ्यावी लागतील.