ॲसिटॅब्युलममध्ये ‘ॲसिटिक’ कुठून आलं?

प्रश्न: खुब्याच्या हाडातल्या वाटीला ॲसिटॅब्युलम म्हणतात. आम्लाशी काय संबंध? आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) हाड डावं की उजवं, हे या वाटीवरून कसं सांगायचं?

प्रतिसाद १: संबंध आहे, पण व्हिनेगरमार्गे. लॅटिन ‘ॲसिटम’ म्हणजे व्हिनेगर. ‘-ब्युलम’ हा साधन किंवा जागा दाखवणारा प्रत्यय. रोमन जेवणात व्हिनेगर ठेवायच्या छोट्या वाटीचं हे नाव. पुढे ते मापही झालं: पाव हेमिना (रोमन माप), साधारण ६८ मिली. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने तोच शब्द खुब्याच्या खोबणीसाठी वापरला. याच खोबणीसाठीचा ग्रीक शब्द ‘कोटिले’ हाही पेलाच. अनेकवचन ‘ॲसिटॅब्युला’, ‘ॲसिटॅब्युलम्स’ म्हणू नका.

प्रतिसाद २: बाजू ओळखताना वाटीचं तोंड बाहेर, तिच्या काठाची खाच खाली आणि प्युबिस (हाडाचा पुढचा भाग) पुढे धरा. मग वाटी ज्या बाजूला, त्या बाजूचं हाड. बहुतेक जण हाड उलटं धरतात. ऑब्ट्युरेटर फोरामेन (हाडातलं मोठं भोक) वाटीच्या वर दिसलं की चुकलंच समजा. वाटीत इलियम (हाडाचा वरचा भाग) आणि इस्कियम (खालचा-मागचा भाग) यांचा वाटा प्रत्येकी सुमारे दोन पंचमांश, प्युबिसचा एक पंचमांश. मुलांमध्ये या तिघांमध्ये तीन फाट्यांची कूर्चा असते. एक्स-रेत ती काळी रेघ दिसते, नवखे तिला फ्रॅक्चर समजतात.

प्रतिसाद ३: सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार सांगितलेत, त्यात काख, जांघ आणि दातांचे ‘उलूखल’, म्हणजे उखळ. आपला ‘उखळीचा सांधा’ त्याच उपमेतला. दात का, तर तेही खोबणीत बसतात. हलण्याशी त्याचं देणंघेणं नाही.