जुन्या उपनगरात आलिशान इमारत: तीस घरांना तरणतलाव झेपतो का?

ओळंबा: ऐतिहासिक वस्तीत नवी इमारत नकोच, असं माझं म्हणणं नाही. आक्षेप आहे तो सुविधांच्या यादीला. अशा भागात प्लॉट लहान, फार तर तीस फ्लॅट बसतात. त्यात तरणतलाव, जिम, क्लबहाउस आणि दुमजली तळघर. तलावाचा पंप, क्लोरीन, राखणारा माणूस यांचा खर्च तीस घरांना काय नि तीनशे घरांना काय, जवळपास तेवढाच. मग एक तर मेंटेनन्स न झेपून तलाव कोरडा पडतो, नाहीतर खर्च वाटायला जास्त घरं हवीत म्हणून मजले वाढतात. जुन्या रस्त्याची कौलांची रेघ तिथेच मोडते.

थापी: गणित बरोबर, निष्कर्ष पटत नाही. ऐतिहासिक शहरांसाठीची 1987 ची वॉशिंग्टन सनदसुद्धा परिसराशी सुसंगत अशा नव्या गोष्टींना आडकाठी करू नये, असंच सांगते. वरचे दोन मजले रस्त्यापासून चार-पाच मीटर आत घ्या, कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली पट्टी, शेजारच्या घराच्या पातळीत ठेवा, खिडक्या उभ्या ठेवा. फुटपाथवरून उंची अंगावर येत नाही. शिवाय राहायला माणसं आली नाहीत तर जुनी घरं बंद राहतात, पन्हळी तुंबतात, वासे कुजतात. तेही नुकसानच.

गुण्या: तुम्ही दोघं वर बघताय, धोका खाली आहे. दुमजली तळघर म्हणजे सात-आठ मीटर खोदाई. शेजारची घरं चुन्यातल्या विटांची, भार भिंतींवर, पाया बहुधा उथळ. खड्ड्यातलं पाणी उपसलं की आजूबाजूची भूजलपातळी उतरते, मातीचा थर दबतो, आणि खड्ड्याकडची बाजू जास्त खचते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते ती अशी. मग कुणीतरी ती सिमेंटने भरतं! सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. ती विटेतून वाट काढते, क्षार फुलतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. चीर चुन्यानेच भरायची, तीही हालचाल थांबल्यावर.

थापी: हे टाळता येतं. खोदाईआधी शेजारच्या प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो घ्या, चिरांवर मापपट्ट्या लावा. कडेने एकात एक गुंतलेल्या पाइलची, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, भिंत खालच्या घट्ट थरापर्यंत न्या, म्हणजे उपसा फक्त आतल्या पाण्याचा होतो. पाइल ठोकायचे नाहीत, ड्रिल करायचे. जर्मनीचं डीआयएन 4150 हे मानक वारसा-इमारतींच्या पायाशी कमी वारंवारतेच्या कंपनांना सेकंदाला 3 मिलिमीटरची मर्यादा सुचवतं. ती करारातच घाला.

ओळंबा: घाला, पण हा सगळा खर्च त्याच तीस घरांवर बसणार. तळघर वाचवायला तलाव गच्चीवर नेला तरी सुटका नाही. 10 बाय 4 मीटर, खोली 1.2 मीटर म्हणजे नुसतं पाणीच 48 टन, स्लॅबचं वजन वेगळं. पाणी दर सहा तासांनी एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर पंप तासाला 8 घनमीटरचा हवा. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये राखावा लागतो. 8 च्या वर गेला की क्लोरीन टाकूनही जंतू नीट मरत नाहीत, आणि अर्धवेळ माणूस नेमका इथेच चुकतो.

गुण्या: तलाव वगळा, हे मलाही मान्य. जिम राहू द्या, खोली एकच लागते. पण पार्किंगचं काय? एकच तळघर आणि दोन थरांचं यांत्रिक पार्किंग घेतलं तर खोदाई साडेचार-पाच मीटरवर येते. मात्र यंत्राखालच्या खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून संप, म्हणजे पाणी गोळा करायची टाकी, आणि दोन पंप हवेत, एक चालू, एक राखीव. थापी, तुमची पाइल-भिंत तरीही लागेलच ना?

थापी: लागेल, आणि तीही घट्ट थरापर्यंतच.