पानांचे ठसे कापडावर टिकत नाहीयेत, काय चुकतंय?

अंगणवेल:
भाचीच्या बाळासाठी आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं दुपटं शिवायचंय, त्यावर आमच्याच अंगणातल्या पानांचे ठसे हवेत अशी फार इच्छा आहे. आधी एका तुकड्यावर करून बघितलं. गुलाबाची पानं नि नेचा ठेवला, वरून प्लास्टिक, आणि हातोडीने हळूहळू ठोकलं. शिरन् शिर हिरवीगार उमटली होती! पण एकाच धुण्यात नुसते पिवळट डाग उरले. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवलं होतं तरी. कोणी घरी करतं का हे? कुठली पानं घ्यावी, कापडाला आधी काय लावावं? आणि उरलेल्या पानांची कागदावर बारशाची आमंत्रणं करता येतील का?

हिरडाबेहडा:
ताई, ठोकून जो हिरवा येतो तो पानातला हरितद्रव्याचा रंग, तो सुतावर टिकतच नाही, त्यामुळे तुमचा हात चुकला नाहीये. मीठ-व्हिनेगरचाही सुताला उपयोग नाही. खरं काम ठशाच्या आधीचं आहे, आणि तिथे अजिबात घाई करू नका. कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा, जुनं असलं तरी, कारण वर्षानुवर्षांची खळ त्यात बसलेली असते. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच शोषला गेला तरच पुढे जा. मग १०० ग्रॅम कापडाला साधारण १५-२० ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात रात्रभर, नीट पिळून वाळवायचं, आणि नंतर १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात परत रात्रभर. सूत तुरटीला एकटीला नीट धरत नाही, हिरडा असला की धरतं. कापड जरा पिवळसर होईल, ते तसंच असतं.

पानांत माझी पहिली पसंती साग. कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लाल होतो, तोच रंग. ओल्या कापडावर पानाची शिरांची बाजू खाली ठेवायची, दुसरी घडी वर, पाइपच्या तुकड्यावर गुंडाळून सुतळीने करकचून बांधायचं आणि दीड-दोन तास वाफवायचं. कापड आणि पान यांच्यात फट राहिली की ठसा धूसर येतो. भांडं मात्र वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं परत वापरू नका.

सुतळी:
+१ सागाला. गंजक्या खिळ्यांचं व्हिनेगरमधलं पाणी पण लोक वापरतात, पेरूची किंवा गुलाबाची पानं त्यात बुडवून ठेवली की काळपट सुंदर ठसे येतात, पण हिरडा लावलेल्या कापडावर ते जिथे सांडेल तिथे काळं होतं आणि जास्त झालं तर सूत कमजोर होतं. बाळाच्या दुपट्याला मी तरी वापरणार नाही. झेंडूच्या पाकळ्या मधेमधे टाका, तुरटीवर पिवळा छान बसतो. जास्वंद नको, लिंबाचा थेंब पडला तरी रंग बदलते.

कागदवेडी:
आमंत्रणांना ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद घ्या, साधा झेरॉक्सचा उकळताना विरघळतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत सुती कागद मिळतो. तुरटीच्या पाण्यात भिजवायचा, कागद-पान-कागद अशी चळत दोन फरशांमध्ये घट्ट बांधून तासभर उकळायची आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायची नाही. ओला कागद हाताने उचलला की फाटतो, फरशीसकट वाळू द्या.

अंगणवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार! शेजारच्या काकांच्या बांधावरून सागाची कोवळी पानं आणली आणि हिरडा-तुरटी करून काल एक छोटा तुकडा वाफवला. आज सकाळी सुतळी सोडली तर पान कापडाला चिकटूनच होतं, हळूच सोललं आणि खाली जांभळट लाल, मधली शीर पांढुरकी, कडेला जिथे किडीने खाल्लं होतं ते भोकसुद्धा उमटलंय. साबणाने दोनदा धुतलं, आहे तसंच आहे. हिरडाबेहडा, सावलीत वाळवायचं ना? आणि अख्ख्या दुपट्याची गुंडाळी जाड होईल, तर वाफ किती वेळ वाढवू?

हिरडाबेहडा:
वा! हो, सावलीतच. तीन तास द्या, मधे एकदा गुंडाळी उलटी करा आणि भांड्यातलं पाणी आटू देऊ नका.