आईच्या वडिलांचे आयर्लंडमधील मूळ गाव कसे शोधावे?

परळची नात :

सप्रेम नमस्कार.

माझ्या आईचे वडील आयरिश होते. ते जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या परळ कारखान्यात फिटर म्हणून लागले, पुढे चार्जमन झाले आणि १९४९ मध्ये वारले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरले. आजी गिरगावातील ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या स्थानिक कॅथलिक घराण्यातली, घरात मराठीच बोलणारी. त्यामुळे आयर्लंडचे म्हणून आमच्याकडे जे उरले आहे ते तिच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या तीन वस्तूंपुरतेच आहे. पहिली वस्तू म्हणजे १९२६ च्या लग्नाचा दाखला : भायखळ्याचे कॅथलिक चर्च, वराचे वय ३१, वराच्या वडिलांचे नाव पॅट्रिक, धंदा मजुरी. दुसरी, प्रार्थनेचे एक छोटे पुस्तक. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक शब्द लिहिला आहे, तो आम्ही ‘किलमोर’ असा वाचतो, पण शेवटची अक्षरे पुसट झाली आहेत. तिसरी, आजोबांचा लष्करी गणवेशातला तरुणपणीचा फोटो. टोपीवर कमळाच्या कळीसारखे काहीतरी चिन्ह आहे.

आईने ऐंशी ओलांडली आहे. लग्नानंतर ती आमच्या दादरच्या घरात आली आणि दर पितृपक्षात आजी-पणजीपर्यंतची नावे घेतलेली तिने वर्षानुवर्षे ऐकली. गेल्या वर्षी ती मला म्हणाली, “तुमच्याकडे पणजीचेसुद्धा नाव घेतात. मला माझ्या डॅडींच्या आईचे नाव ठाऊक नाही.” तेव्हापासून मी शोधते आहे. वंशावळीच्या एका संकेतस्थळाची वर्गणी भरली, तर त्यांनी आमच्या आजोबांना अशा एका कुटुंबात बसवले ज्यातला त्याच नावाचा मुलगा १९१२ मध्ये अमेरिकेला गेला होता. सुरुवात कोठून करावी? आणि किलमोर नेमके कोणते?

(माझा भाचा आयरिश पासपोर्टबद्दल विचारतो आहे. त्याविषयी कोणाला निश्चित माहिती असल्यास तीही सांगावी.)

सुधीर, गोरेगाव :

ताई, माझ्या पत्नीच्या आजोबांचा शोध आम्ही चार वर्षे केला, म्हणून अनुभवाने लिहितो. आयर्लंडपासून सुरुवात करू नका, मुंबईपासून करा. आजोबांचे गाव आयर्लंडच्या कागदांत आहेच, पण तेथे ते तुम्हाला ओळखता येणार नाही, कारण त्याच नावाची, त्याच वयाची दहा-पंधरा मुले वेगवेगळ्या काउंटींत, म्हणजे तेथल्या जिल्ह्यांत सापडतील. त्यांतला आपला कोणता, हे सांगणारा कागद माणूस जेथे येऊन राहिला तेथेच सापडतो.

प्रथम किलमोरविषयी. आयरिश भाषेत ‘किल’ म्हणजे चर्च, कधी कधी रान, आणि ‘मोर’ म्हणजे मोठे. आपल्याकडे जशी तालुक्यातालुक्यात वडगावे असतात, तशी तेथे किलमोर आहेत. शिवाय किलमोर हे एका कॅथलिक धर्मप्रांताचेही नाव आहे, त्याचा बराचसा भाग कॅव्हन काउंटीत येतो. त्यामुळे एवढ्या एका शब्दावर गाव ठरवू नका, त्यातून अक्षरे पुसट असताना तर मुळीच नाही. आम्ही पत्नीच्या आजोबांचे गाव असेच एका पाकिटावरच्या शब्दावरून ठरवले, दोन वर्षे त्या घराण्याची वंशावळ काढली, नातेवाइकांना वाटली, आणि नंतर ती माणसे आपली नव्हेत हे कळल्यावर प्रत्येकाला फोन करून तसे सांगावे लागले. सासूबाईंनी तोपर्यंत त्या घराण्यातल्या एका बाईचा फोटो देवघराशेजारी लावला होता. तो उतरवताना मला फार वाईट वाटले.

आता मुंबईत काय पाहायचे ते सांगतो. तुमच्या हातातील दाखला ख्रिस्ती विवाहाच्या १८७२ च्या कायद्याच्या नमुन्यातला आहे. त्यात वडिलांचे नाव असते, आईचे नसते आणि जन्मगावही नसते. परंतु कॅथलिक चर्चमध्ये लग्न लावण्यापूर्वी वधूवरांचे बाप्तिस्म्याचे दाखले मागवीत. तेव्हा चर्चमध्ये जाऊन लग्नाच्या नोंदीची नक्कल मागू नका, ती तुमच्याकडे आहेच. त्या लग्नाची कागदपत्रे जपून ठेवली आहेत का, असे विचारा. दाखल्यावरचे चर्चचे नावही नीट वाचा. १९२८ पर्यंत मुंबईत पोर्तुगीज पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा अशा दोन धर्मसत्ता शेजारीशेजारी नांदत होत्या. एकाच वस्तीतली दोन चर्चे दोन बिशपांच्या हाताखाली असत, आणि एका ठिकाणी नाही म्हटले म्हणून दुसरीकडे नसेल असे होत नाही.

याच्या उलट बाजूनेही एक वाट आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. १९०८ पासून अमलात आलेल्या ‘ने तेमेरे’ या रोमच्या आज्ञेनुसार, लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने त्याची खबर वधूवरांचा बाप्तिस्मा जेथे झाला त्या चर्चला कळवायची, आणि तेथे बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी समासात ती टिपून ठेवायची असा नियम झाला. म्हणजे आयर्लंडमधल्या कोणत्यातरी खेड्यातल्या नोंदवहीत, १८९५ च्या सुमाराच्या एका ओळीशेजारी, तुमच्या आजीचे नाव आणि मुंबई हा शब्द लॅटिनमध्ये लिहिलेला असू शकतो. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक नोंदवह्यांची छायाचित्रे मोफत खुली केली आहेत, परंतु ती साधारण १८८० पर्यंतची आहेत. त्यामुळे पॅरिश, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतले गाव, ते कळल्यावर तेथील धर्मगुरूंना पत्रच लिहावे लागेल.

गाव कळले की पुढचे काम तुलनेने सोपे आहे. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दप्तरखान्याला आग लागली आणि सगळे जळाले, असे सर्रास सांगतात. जुन्या जनगणना आणि पुष्कळ प्रोटेस्टंट चर्चच्या वह्या गेल्या हे खरेच आहे. पण १८६४ पासूनची जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद शाबूत आहे. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू सरकारच्या ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या संकेतस्थळावर पानांच्या चित्रांसह फुकट पाहता येतात. जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे मूळ तक्ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत, तेही विनामूल्य. १९११ च्या तक्त्यात विवाहित स्त्रीला किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत हेही विचारले होते.

वयावर विसंबू नका, चार-पाच वर्षांचा फरक सहज पडतो. आणखी एक : बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची दिसली तर गोंधळू नका. जन्माची सरकारी नोंद उशिरा केल्यास दंड होई, म्हणून लोक तारीख पुढे ढकलून सांगत. अशा वेळी चर्चची तारीख खरी मानावी.

अविनाश, कुलाबा :

ताई, फोटोतील टोपीवरची ती कळी नसावी. तो पेटता हातगोळा असेल. फ्युझिलिअर पलटणींच्या टोपीवर तो असे, आणि वरच्या ज्वाळा लांबून पाकळ्यांसारख्या दिसतात. भिंग घेऊन गोळ्याचा गोल भाग पाहा. त्यावर वीणेसारखे वाद्य असेल तर रॉयल आयरिश फ्युझिलिअर्स, नुसता वाघ असेल तर रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्स, आणि वाघाबरोबर हत्तीही असेल तर रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स.

डब्लिन असेल तर आपल्यासाठी ती विशेष गोष्ट आहे. ही पलटण १८८१ मध्ये दोन जुन्या पलटणी जोडून झाली : एक मद्रासची आणि दुसरी मुंबईची. मुंबईची म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने येथे उभी केलेली युरोपीय पलटण, जी पुढे १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स म्हणून ओळखली गेली. वाघ आणि हत्ती ही चिन्हे या जुन्या पलटणींकडूनच आली. पलटणीचे ठाणे मात्र किल्डेअर काउंटीत नास येथे होते, आणि भरती मुख्यत्वे डब्लिन, किल्डेअर, विक्लो, कार्लो या भागांतून होई. म्हणजे बत्तीस काउंटींवरून तुम्ही चारांवर याल. हा पुरावा नव्हे, माणूस कोठल्याही पलटणीत भरती होऊ शके, पण दिशा कळते.

सेवापुस्तकाविषयी : पहिल्या महायुद्धातील साध्या शिपायांच्या बहुतेक फायली १९४० च्या लंडनवरील बाँबहल्ल्यात जळाल्या. परंतु १९२० नंतरही जे नोकरीत होते त्यांच्या फायली वेगळ्या ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या, आणि आता त्या लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जात आहेत. डब्लिन फ्युझिलिअर्स १९२२ मध्ये बरखास्त झाली. आजोबा तोपर्यंत पलटणीत होते का, हे शोधण्याजोगे आहे, कारण भरतीच्या कागदावर जन्माचे पॅरिश आणि जवळचे आप्त लिहीत.

रेल्वेचे म्हणाल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात रेल्वे कंपन्यांचे कागद आहेत, परंतु त्यांत विलायतेहून करार करून आणलेले लोक असतात. येथेच पलटण सोडून कारखान्यात लागलेला फिटर त्यात मिळण्याची आशा कमी आहे. त्याच दप्तरात ‘एन-३’ या मालिकेत मुंबई इलाख्यातील चर्चनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी आहेत. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात राहिलेल्या कुटुंबांच्या नोंदी जमवणाऱ्या फिबिस या संस्थेच्या मोफत सूचीत आधी नाव पाहावे.

मेधा, विलेपार्ले :

पासपोर्टविषयी थोडक्यात लिहिते. आजोबांचा जन्म आयर्लंड बेटावर झाला असेल तर तुम्ही स्वतः, म्हणजे नात, तेथील ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये (परदेशात जन्मलेल्यांच्या नोंदवहीत) नाव नोंदवून नागरिक होऊ शकता. भाचा पणतू लागतो. त्याच्या जन्माच्या आधी त्याच्या आईने किंवा वडिलांनी ही नोंद केलेली असती तरच त्याला हक्क मिळाला असता, आता नंतर नोंद करून त्याला उपयोग नाही. आणि हे अवश्य ध्यानात ठेवा की आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व जाते. केवळ कुतूहलापोटी अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परळची नात :

सर्वांचे मनापासून आभार. साडेतीन महिन्यांनी लिहिते आहे, कारण हाती काही आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

अविनाशजी, भिंगाखाली वाघ दिसला आणि त्याच्या खाली हत्तीही. मूळ फोटो आईच्या हातात असताना तिनेच आधी ओळखला.

चर्चमध्ये तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन वेळा नोंदवहीचीच नक्कल पुढे केली गेली. तिसऱ्या वेळी मी सुधीररावांनी लिहिले होते तसे शब्दशः विचारले, तेव्हा तेथील वृद्ध कारकुनांनी आतून १९२६ चा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा आणला. त्यात वाळवीने एक कोपरा खाल्लेला, हाताच्या तळव्याएवढा छापील कागद होता : बाप्तिस्म्याचा दाखला, खाली आयर्लंडमधील धर्मगुरूंची सही आणि पॅरिशचा शिक्का. किलमोर नव्हेच. किल्डेअर काउंटीतील किलमीग. घरी येऊन प्रार्थनापुस्तकाचे पान तिरप्या उजेडात धरले, तर पुसट झालेली अक्षरे तीच होती. तीस वर्षे आम्ही त्या शब्दाचा शेवट आमच्या मनानेच पुरा करीत होतो.

दाखल्यावर आईचे नाव होते, माहेरच्या आडनावासह. ब्रिजेट. सरकारी जन्मनोंद त्या नावांवरून दहा मिनिटांत सापडली, आणि सुधीरराव, जन्मतारीख बाप्तिस्म्यानंतर अकरा दिवसांची आहे.

१९११ च्या तक्त्यात ब्रिजेट कुटुंबप्रमुख आहेत, विधवा. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे, धंदा शेतमजूर. मुलांविषयीचा प्रश्न विवाहित स्त्रियांपुरता होता, म्हणून विधवेच्या ओळीतले आकडे जनगणना करणाऱ्याने रेघ मारून खोडले आहेत, पण रेघेखाली ते वाचता येतात : झालेली नऊ, हयात सहा. ‘लिहिता-वाचता येत नाही’ असे त्यांच्यापुढे लिहिले आहे आणि तक्त्याच्या तळाशी, जेथे कुटुंबप्रमुखाची सही हवी, तेथे दुसऱ्या कोणीतरी त्यांचे नाव लिहून मध्ये फुली काढायला जागा ठेवली आहे. फुली जराशी वाकडी आहे, आणि शाईचा एक ठिपका बाजूला पडला आहे.

तो कागद मोठा छापून आईला दिला. तिने आधी नाव वाचले, मग ती फुली बराच वेळ पाहिली, आणि विचारले, “ही त्यांनी स्वतः काढलेली?” मी हो म्हटले.

आता एकच काम उरले आहे. तेथील धर्मगुरूंना समासातल्या टिपणाबद्दल पत्र लिहायचे आहे. पत्र इंग्रजीत लिहिण्यास मदत नको, ते मी लिहीन; पण अशा पत्रासोबत शोधाची देणगी म्हणून किती रक्कम पाठवण्याची पद्धत आहे, हे कोणी सांगू शकेल का?

सुधीर, गोरेगाव :

ताई, आम्ही वीस युरो पाठवले होते आणि सोबत लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडली होती. लग्नाची तारीख आणि आजींचे माहेरचे नाव पत्रात ठळकपणे लिहा, म्हणजे समासात काय शोधायचे ते त्यांना नेमके कळेल. उत्तर यायला आम्हाला दोन महिने लागले. आईंना माझा नमस्कार सांगा.