मदत हवी आहे (अर्जंट): भाच्याला ड्रग कोर्ट देतायत, घ्यावं का?

पालवी
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय. माझ्या भाच्याला (वय २३) मार्चमध्ये पोलिसांनी पकडलं, गाडीत गोळ्या आणि थोडी पावडर मिळाली. आता सरकारी वकील म्हणतायत ड्रग कोर्ट (कोर्टाच्या देखरेखीखाली उपचार) घे, जेल टळेल. सोमवारी हो की नाही सांगायचंय. ताई रडून रडून आजारी पडलीय, भावोजी तर त्याच्याशी बोलतच नाहीत. मला एवढंच सांगा की यातून किती पोरं खरंच सुटतात आणि मध्येच काढलं तर काय होतं. कायद्याचं लेक्चर नको प्लीज.

सह्यगिरी
एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याचं कलम ६४अ बघा, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते. आणि त्याला सरळ पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात आणा, १९८६ पासून हेच काम करतायत. माझा मित्र तिथूनच बाहेर पडला.

पालवी
अहो अमेरिकेतलं विचारतेय, न्यू जर्सी. भारतात कुठे आहे ड्रग कोर्ट.

एडिसनकर
जर्सीत २०२२ पासून त्याला रिकव्हरी कोर्ट म्हणतात, कागदावर तेच नाव असेल. माझा मुलगा यातून गेलाय म्हणून सांगतो. रोज सकाळी एका नंबरवर फोन करायचा, आपल्याला दिलेला रंग पुकारला की त्या दिवशी लघवीची टेस्ट, समोर माणूस उभा राहतो. चुकली की पॉझिटिव्ह धरतात. भीतीने बाटल्याच्या बाटल्या पाणी पिऊन गेला तर सॅम्पल पातळ आलं म्हणून तेही पॉझिटिव्हच. सुरुवातीला दर आठवड्याला जजसमोर उभं राहायचं, शिवाय ग्रुप, नोकरी, प्रोबेशनवाले कधीही घरी. चौथ्या महिन्यात पोरगा घसरला, आम्हाला वाटलं संपलं सगळं, पण त्याने टेस्टच्या आधीच कबूल केलं म्हणून दोन दिवस जेल आणि परत प्रोग्रॅममध्ये. खोटं बोलला असता तर जास्त महागात पडलं असतं. घ्या, डोळे मिटून घ्या.

तर्कट
आकडे देतो. २३ ड्रग कोर्टांचा मोठा अभ्यास २०११ मध्ये आला. दीड वर्षाने विचारलं तेव्हा वर्षभरात ड्रग्ज घेतलेले तिथले ५६ टक्के, नेहमीच्या कोर्टातले ७६ टक्के. गुन्हा केलेले ४० विरुद्ध ५३. म्हणजे फायदा आहे, पण निम्म्याहून जास्त जणांनी घेतलंच होतं हेही वाचा. पूर्ण करणारे किती, ते कोर्टागणिक खूप बदलतं.

कडूनिंब
डोळे मिटून घ्या काय घ्या! गिल्टी प्ली (गुन्ह्याची कबुली) आधीच घेतलेली असते, काढून टाकलं की खटला लढायची सोय नाही, सरळ शिक्षा. आधीच साधी शिक्षा घेतली असती तर लवकर सुटलो असतो असं म्हणणारे मी पाहिलेत. आणि पोरगं खरंच व्यसनी आहे का? नुसतं पार्टीपुरतं घेणाऱ्याला मुरलेल्यांच्या ग्रुपमध्ये बसवलं तर नुकसानच होतं.

एडिसनकर
माझा मुलगा जिवंत आहे तो याच्यामुळे. तुमच्या घरात झालंय का कधी?

कडूनिंब
धाकटा भाऊ. अर्ध्यात काढला त्याला. म्हणूनच बोलतोय.

मीनाक्षी_पाककृती
घरातली खसखस आधी लपवा! अनारसे, खसखशीची खीर सगळं बंद, टेस्टमध्ये अफू दिसते.

तर्कट
१९९८ मध्ये अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या टेस्टची अफूची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅम (दर मिलिलिटरला) केली ती यासाठीच. पण कोर्टाची लॅब तीच मर्यादा लावेल असं नाही, तेव्हा मीनाक्षीताईंचं बरोबर आहे.

जर्सीची_वकील
पालवी, खसखस राहू दे. तो सिटिझन आहे का? याआधी केस? आरोप नुसता जवळ बाळगल्याचा की विकायच्या इराद्याचा?

पालवी
पहिलीच केस, जवळ बाळगल्याची. सात वर्षांचा असताना नाशिकहून आलाय, शाळा कॉलेज सगळं इथेच, इथलाच म्हणायचा की.

जर्सीची_वकील
इथलाच म्हणजे काय? पासपोर्ट कुठला?

पालवी
आत्ता ताईला फोन केला. ग्रीन कार्ड आहे. ताई-भावोजी गेल्या वर्षी सिटिझन झाले, मला वाटलं त्याचंही झालं.

जर्सीची_वकील
नाही झालं. आईवडिलांमुळे आपोआप व्हायला तो तेव्हा १८ च्या आत हवा होता. आता नीट वाच. रिकव्हरी कोर्टात जायला गुन्हा कबूल करावा लागतो, आणि इमिग्रेशन कायद्यात ती कबुली म्हणजे दोषी ठरणं. प्रोग्रॅम पूर्ण केल्यावर २०१६ च्या कायद्याने रेकॉर्ड पुसून मिळू शकतं, पण ते राज्यापुरतं, इमिग्रेशनवाले ते धरत नाहीत. सूट फक्त स्वतःपुरता ३० ग्रॅमपर्यंत गांजा, तोही एकदाच. पावडरला नाही. मान मोडून सगळं पाळलं तरी त्याला देशाबाहेर काढायची केस होऊ शकते. पहिलीच केस आहे तर प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन (खटल्याआधीच देखरेखीखाली ठेवून केस मिटवायची सोय) मागा, त्यात बहुतेक वेळा कबुली लागत नाही. त्याच्या वकिलाने हे सगळं सांगायलाच हवं, २०१० पासून सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. सोमवारी हो म्हणू नका, तारीख मागा, आणि इमिग्रेशनच्या वकिलाला केसचे कागद दाखवा.

एडिसनकर
हे मला माहीतच नव्हतं, माझा मुलगा इथे जन्मलेला. पालवी, डोळे मिटून घ्या म्हणालो ते मागे घेतो. पण उपचार आजपासूनच सुरू करा, कोर्टाची वाट बघू नका.

पालवी
वकिलांशी बोलले, त्यांनी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं. सोमवारी पुढची तारीख मागणारेत. कडूनिंब, तुमचा भाऊ आता कसा आहे?
आणि वकीलताई, आजीला भेटायला त्याचं दिवाळीचं नाशिकचं तिकीट काढलंय. ते?

जर्सीची_वकील
रद्द कर. परत येताना एअरपोर्टवरच अडवू शकतात.