हजेरीची ढाल कुणाला?

शंभर टक्के हजेरीवाल्याला स्नेहसंमेलनात ढाल द्यावी, असं इथे एकाने सुचवलंय. कल्पना चांगली, पण आमच्या कोकणातल्या गावच्या शाळेत ती ढाल दरवर्षी बाजारपेठेतल्याच पोराला जाणार. पलीकडच्या वाडीतली मुलं जुलैत साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी गेलं की घरीच अडकतात. रात्री गावात मुक्कामाला येऊन सकाळी सुटणारी वस्तीची एसटी आलीच नाही तर पहिला तास गेलाच. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास फुकट आहे हो, पण गाडी तर यायला हवी! भातलावणीच्या दिवसांत घरात हात कमी पडतात, ते वेगळंच.

त्यापेक्षा ज्याची हजेरी गेल्या वर्षीपेक्षा सुधारली, त्याचं नाव परिपाठात घ्या आणि दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने लिहा. खर्च शून्य. आणि गुणगौरव फक्त दहावीच्या पहिल्या तिघांचा का? निकालात कोकण मंडळ तसंही वर्षानुवर्षं राज्यात पहिलं असतं. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड होणाऱ्याला नववी ते बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, त्याला साधा नारळसुद्धा नाही. शिमग्यानंतरच्या ओस वर्गांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही, ग्रामदेवतेची पालखी दारात आल्यावर कोण शाळेत बसणार?